पत्त्यांची खंडेनवमी

आधी कबूल करा, कुणी हसणार नाही. आणि ही गोष्ट आमच्या हिच्यासमोर काढायची नाही. ती मध्येच येऊन शेवट सांगून टाकते, आणि शेवटच तर माझ्या अब्रूवर उठलेला आहे! कबूल? मग ओता चहा.

तेव्हा देशाचे दरवाजे उघडले होते म्हणे. हैदराबादेतल्या आमच्या कुकटपल्लीच्या कारखान्याचे मात्र बंद झाले. मी तिथे टर्नर, उमेदीची सगळी वर्षं लेथवर लोखंड कातण्यात गेलेली. बाहेर बघावं तर जो तो धंदा काढतोय. कुणी एसटीडी बूथ काढला, कुणी केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून ओढल्या. मला आणि माझ्याच खात्यातल्या यादगिरीला वाटलं, आपणही काढू.

काय काढलं? पोकर क्लब!

हसू नका म्हटलं ना.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा सुटाबुटातला थोरला भाऊ. हातात पाच पत्ते, आणि चेहरा असा ठेवायचा की एक्का आलाय की दुरी, समोरच्याला कळता कामा नये. यादगिरी पूर्वी दुबईला होता, तिथे शिकून आलेला. योजना साधी होती. बरकतपुऱ्यात आमच्या बिऱ्हाडाच्या वरची खोली घ्यायची. टेबलावर रोकड नाही, नुसते रंगीत बिल्ले. सभासदांनी वर्गणी द्यायची, चहा-भजी आमची. ना कुठल्या हॉटेलाचा आधार, ना जिमखान्याचा. स्वतंत्र क्लब!

स्वतंत्र म्हणजे मार पडला तर तोही एकट्यालाच, हे तेव्हा सुचलं नाही. आणि मी जन्माचा भित्रा. चौकात पोलीस दिसला तरी सायकलवरून उतरून चालायला लागतो!

पहिल्याच डावाला यादगिरीनं बोलावलं कुणाला, तर अंजय्या पहिलवानाला. आमच्या भागात जमिनीचं कुठलंही भांडण याच्या एका शब्दावर मिटायचं.

"पहिलवानाला आवडलं ना भाई, की अख्खी गल्ली सभासद!" यादगिरी म्हणाला.

"आणि नाही आवडलं तर?"

यादगिरी खिडकीबाहेर बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "तसं काही नाही. मागे रमीच्या एका अड्ड्यावर कुणीतरी पत्ता लपवला होता, तर पहिलवानानं त्याची बोटं..."

"बोटं काय?"

"जाऊ दे ना भाई."

असं कुणी अर्धवट सांगतं का? त्या दिवसापासून मी जेवताना घासागणिक बोटं मोजायला लागलो. क्लब बुडाला तर पुन्हा कुणाच्या तरी लेथवर उभं राहायचं होतं. बोटांशिवाय टर्नर कोण ठेवणार?

मुहूर्त धरला खंडेनवमीचा. दरवर्षी या दिवशी मी लेथला हळदकुंकू वाहायचो, झेंडूचा हार घालायचो. सगळं हैदराबाद तेच करतं, ऑटोपासून रोडरोलरपर्यंत. सकाळी ही म्हणाली, "अहो, यंदा हत्यारांची पूजा नाही का?"

"कसली हत्यारं? लेथ राहिला कारखान्यात."

"मग आता पोट कशावर भरायचंय?"

मी पत्त्यांकडे पाहिलं. खरंच की!

सिकंदराबादहून आणलेला नवाकोरा परदेशी जोड होता. लाल पाठीचा, गुळगुळीत. पाटावर मांडला. ही वाटीत कुंकू कालवून आली आणि म्हणाली, "सगळ्यांना लावा."

"बावन्न पत्त्यांना? पहिलवान यायच्या आत खोली झाडायचीय. मानाचे तेवढे घेऊ."

एक्के, राजे, राण्या बाजूला काढल्या. राजाच्या तोंडाला कुंकू फासणं बरं दिसेना, म्हणून पत्ते पालथे घातले आणि प्रत्येकाच्या पाठीवर, कोपऱ्यात, एकेक टिकली लावली. वाळल्यावर रुमालानं पुसून घेतलं. लाल पाठीवर लाल कुंकू, माझ्या चष्म्यातून काही दिसेना. मनोभावे नमस्कार केला आणि जोड पिसून ठेवला.

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं!

संध्याकाळी पहिलवान आला. आधी जिना कुरकुरला, मग खुर्ची. त्याचे दोन दोस्त, यादगिरी आणि मी, असे पाच जण बसलो. मी चेहरा दगडासारखा ठेवायचा इतका प्रयत्न केला की यादगिरीनं विचारलं, पोट दुखतंय का म्हणून. बाजीमागून बाजी मी हरत होतो. पण पहिलवान खुशीत होता, म्हणून मीही खुशीत.

आणि मग त्यानं आपला अंगठा दिव्यासमोर धरला.

"ये लाल क्या है रे?"

"कुंकू असेल, पहिलवान. दसरा है ना! किधर तो भी लगा होएंगा," मी म्हणालो.

त्यानं अंगठ्याचा वास घेतला. माझ्या हातातल्या पत्त्यांच्या पाठी न्याहाळल्या. मग माझा चेहरा न्याहाळला. "अच्छा," इतकंच म्हणाला आणि पुढची चाल खेळला.

तो 'अच्छा' मला खटकला. मी माझे पत्ते उजेडाला तिरपे धरून पाहिले. टिकली! पुसली गेलीच नव्हती. हातात दोन राजे, आणि दोघांच्याही पाठीवर ठसठशीत कुंकू! यादगिरीच्या हातात एक टिकली, पहिलवानाच्या हातात तीन. टेबलावरच्या एकूण एक मोठ्या पत्त्याला मी स्वतःच्या हातानं खूण करून ठेवली होती. पत्त्यांच्या खेळात याहून मोठं पाप नाही. माझी बोटं गार पडली.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथे सांगून मोकळा झाला असता. मी काय केलं? मी डोकं चालवलं!

म्हटलं, फक्त मोठ्या पत्त्यांवर खूण असली तर ती लबाडी. सगळ्यांवर असली की ती पूजा! हो की नाही? "भजी बघून येतो," म्हणून खाली पळालो, देवघरात जाऊन बोट कुंकवात बुचकळलं आणि वर आलो.

"आणा, या बाजीला मी वाटतो."

वाटता वाटता बिनटिकलीच्या पत्त्यांना हळूच टिकल्या लावायला लागलो. एकाला लावली, दुसऱ्याला लावली. पण घाईत टिकलीचा फराटा व्हायचा. घाम फुटला, तो त्याच हातानं पुसला. सातव्या पत्त्यापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात पहिलवानानं माझं मनगट धरलं.

रंगेहात पकडणं मी तोवर नुसतं ऐकून होतो.

"दरवाजा लगा," तो दोस्ताला म्हणाला. कडी लागली. ती कडी मला आजही ऐकू येते.

"निशान लगा रा? मेरे सामने बैठ के?"

"नै पहिलवान! पूजा है ये, पूजा!"

"पत्तों की?"

"हौ!"

"खाली बड़े पत्तों की?"

मी जीव खाऊन ओरडलो, "अगं ए, वर ये! लवकर ये!"

कडी निघाली. ही भज्यांची परात घेऊनच आत आली. पहिलवान आदबीनं उठला, पण माझं मनगट काही सोडलं नाही.

"भाभी, पत्तों को कुंकू कौन लगाया?"

"इनोंच लगाए भैया!" ही ठणकावून म्हणाली. "मैं बोली, सबको लगाओ. ये बोले, नक्को, एक्के-राजे बस हैं!"

यादगिरीनं डोळे मिटून घेतले. माझी बोटं आपोआप मुठीत गेली. मी मनातल्या मनात त्यांचा निरोप घेत होतो. खरं सांगतो, आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही.

पहिलवानानं माझ्या पुढ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"तेरे बिल्ले किधर हैं?"

"गए."

"सब?"

"सब."

"एक भी बाजी जीता तू?"

"नै."

त्यानं यादगिरीकडे पाहिलं. यादगिरी गळ्याला हात लावून म्हणाला, "माँ कसम पहिलवान, एक भी नै."

"और निशान कब से थे?"

"सुबह से," मी म्हणालो.

पहिलवानाच्या पोटातून काहीतरी गडगडत वर यायला लागलं. मी डोळे मिटले. आणि तो हसत सुटला! टेबल हललं, भजी हलली. मनगट सुटलं.

"छोड़ो रे इसकू! खुद निशान लगाया, और खुदीच सब हारा! ये चोर नै, हौला है हौला!"

हौला म्हणजे साधा मूर्ख नव्हे, मूर्खांनीसुद्धा ज्याला हसावं तो. पण इतका गोड शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. "हौ पहिलवान!" मी मान डोलावली. "हौला! एकदम हौला!"

"मैं तो शादी से बोल रई," ही म्हणाली आणि तिनं पहिलवानापुढे भजी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला पहिलवान स्वतः घरी आला. म्हणाला, सगळी गल्ली सभासद होईल, पण एका अटीवर. मला वाटलं, पत्ते बदला म्हणेल. मी नवा जोड पुढे केलासुद्धा.

"पत्ते कैसे भी रहो," तो म्हणाला, "मगर हर बाजी में मालिक खुद बैठना!"