चावडी चढलेल्या वहाणा

चावडीपुढून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात धरा, असं कुणी म्हटलं तर धराल तुम्ही? पालमकडच्या एका गावात साऱ्या बायका धरायच्या. निजाम गेला, ही रीत राहिली. धुरपताबाई पंचायतीत निवडून आली, तेव्हा तिनं करकरीत वहाणा शिवून घेतल्या आणि गडीमाणसं जोड्यासकट बसायची त्या चावडीवर वाजवत चढली. पुढची बैठक मात्र गावच्या व्यंकटराव पाटलांनी मारुतीच्या देवळात ठेवली. उंबऱ्याशी ती थबकली, तसे पाटील गोड हसले, "वहिनी, देवापुढं तरी काढता का न्हाई?"

तिनं वाकून वहाणा काढल्या. पुढं प्रत्येक बैठक देवळातच भरली. बाबांनो, तुमच्या गावची बैठक देवळातून चावडीवर आणा.