आमची टीम, आपली टीम

सरोजक्काच्या मुलाचा, गिरीशचा फोन सकाळी आला तेव्हा मी कुकर चढवत होते. "मावशी, अम्मा होगबिट्रु," तो म्हणाला. माझ्याशी तो नेहमी मराठीत बोलतो, त्या दिवशी 'आई गेली' हे त्याच्या तोंडून कन्नडमध्येच आलं. आणि मी काय म्हणावं? भाजीवालीला म्हणते तसं "सरी", बरं, म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग कितीतरी वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. शिट्ट्यांकडे लक्ष नव्हतं. डाळ खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठे डोळ्यांतून पाणी आलं, आणि घरच्यांना वाटलं धुरामुळे.

सरोजक्का गेली त्याला आता काही आठवडे झाले. ती कुणी नामवंत नव्हती. इथल्या शिवाजीनगरच्या वठारात, म्हणजे चाळीत, आमची शेजारीण होती, आणि उभ्या आयुष्यात माझ्याशी ज्या विषयावर भांडली तो विषय फुटबॉल होता. होय, फुटबॉल. लोणच्याच्या मिठावरून आम्ही कधी भांडलो नाही.

मी लग्न होऊन निपाणीहून राज्याच्या राजधानीत, या कन्नड शहरात आले ती अकलेने अगदी कोरी, आणि आपण फार हुशार आहोत अशी खात्री बाळगून. नवरा दिवसभर कामावर. कन्नड कानावरचं, पण इथलं कन्नड वेगळं. सरोजक्काने दोन दिवस माझं रडकं तोंड पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, मॅचला." तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळं वठार तम्मा म्हणायचं, गल्लीच्या टीमचा कॅप्टन होता. टीमला काहीतरी मोठं नाव होतं, पण गडद लाल, मरून रंगाच्या जर्सीवरून सगळे नुसतं 'मरून' म्हणत. बाजारामागच्या मातीच्या मैदानावर मॅच. मी बावळट, लग्नातला शालू नेसून गेले! बाहेर जायचं म्हणजे चांगलं नेसावं, एवढंच मला ठाऊक. वर्कशॉपमधून तशीच आलेली, हाताला ग्रीस लागलेली पोरं माझ्याकडे बघून आदराने बाजूला सरकली. त्यांना वाटलं, बक्षीस द्यायला कुणी बाई आल्यात.

मैदानात एकाचेच कपडे वेगळ्या रंगाचे होते. मी खड्या आवाजात विचारलं, "तो बिचारा चुकून आपल्यात आलाय का?" आजूबाजूचे हसले. सरोजक्का हसली नाही. "तो गोली आहे. भिंतीला एक रंग देतात, दाराला दुसरा. तो आपल्या घरचं दार." इतक्या वर्षांत टीव्हीवरच्या कुठल्याही तज्ज्ञाने मला गोलकीपर याहून नीट समजावलेला नाही.

पुढच्याच महिन्यात मी तज्ज्ञ झाले. म्हणजे माझ्या मते. लेफ्ट विंगला एक लांब केसांचा मुलगा खेळायचा. पळताना ते केस असे उडायचे की मी जाहीर केलं, कॅप्टन हाच पाहिजे. कारणं मी मोठी मोठी दिली... वेग, धडाडी, पुढे राहून नेतृत्व. खरं कारण केस. सरोजक्काचं ठाम मत होतं की कॅप्टन मागचाच हवा. "पुढचा फक्त गोल बघतो गं सुमा. मागे उभा असतो त्याला सगळे दिसतात. कोण दमला, कोण रागावला, कोण घरी भांडून आलाय." मी म्हणायचे, तुझा भाऊ बॅक आहे म्हणून तू असं बोलतेस. ती म्हणायची, तुझं लक्ष बॉलवर नाही म्हणून तू तसं बोलतेस. पुढच्या मोसमात तो केसवाला पलीकडच्या टीमला जाऊन मिळाला. मी स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडले. नवऱ्याला वाटलं माहेरची आठवण आली. बिचाऱ्याने निपाणीची तिकिटं काढून आणली.

खेळण्यावरूनही तसंच. मला उंच, लांब मारलेला बॉल आवडायचा. आकाशात गेला की काहीतरी घडतंय असं वाटायचं. तिला तो जमिनीवरून हवा, छोट्या छोट्या पासने, या पायातून त्या पायात. "वरून फेकलेलं कुणाच्या हाती लागेल काय सांगता येतं? हातात हात दिल्यासारखं द्यावं." नळावर, गच्चीवर, दवाखान्याच्या रांगेत आम्ही यावर भांडलो. आमची मुलं आमच्या भांडणातच मोठी झाली.

या भांडणांतूनच ती मराठी शिकली. अगदी छान शिकली, एक गोष्ट सोडून. मॅच जिंकून आम्ही दोघी घसा बसलेल्या अवस्थेत परत यायचो आणि ती मलाच सांगायची, "आमची टीम जिंकली!" मी म्हणायचे, "अक्का, 'आपली' म्हण. मी काय पलीकडच्यांची आहे?" तिला ते कळायचं नाही, किंवा कळून घ्यायचं नसायचं. "कन्नडात एकच, नम्म. तुझ्या मराठीत दोन दोन कशाला? भांडायला सोपं जावं म्हणून?"

मरून केव्हा संपली ते नेमकं सांगता येत नाही. तम्मा होसकोटेच्या कारखान्यात लागला, बाकीची पोरं पांगली, मैदानावर गाड्या उभ्या राहू लागल्या. नंतर शहराची मोठी टीम आली. मालक कंपनीवाले, खेळाडू देशातून, परदेशातून आणलेले. माझी नात मुक्ता तिच्यापायी वेडी. तिने मला स्टेडियममध्ये नेलं आणि मी म्हातारपणी पुन्हा एकदा हुरळले. ढोल, गाणी, अनोळखी पोरं गळ्यात पडतात... मला सगळंच आवडलं. सरोजक्कालाही आम्ही एकदा घेऊन गेलो. ती पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसली. परतताना रिक्षात म्हणाली, "ह्यात गल्लीतला एक पण नाही."

"मरूनमध्ये तरी कुठे सगळे गल्लीत जन्मले होते? गोली केरळचा होता."

"पण झोपायला गल्लीत यायचा ना! हरला तर सकाळी नळावर तोंड दाखवायला लागायचं त्याला. ह्यांना कुणाला तोंड दाखवायचंय?"

"खेळ तर बघ, अक्का. जमिनीवरून, छोटे छोटे पास. तुला जन्मभर हवा होता तसाच खेळतात की!"

  रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "ती तुमची टीम. आमची वेगळी होती."

व्याकरणात एक चूक नव्हती. 'आमची'त मी नव्हते आणि ते तिला चांगलं माहीत होतं. शालू नेसून गेले होते त्या दिवसापासून मी ज्या टीममध्ये होते, तिच्यातून तिने मला रिक्षात बसल्या बसल्या बाहेर काढलं.

त्यानंतर आम्ही बोलायचो, पण गुडघ्यांबद्दल, औषधांबद्दल. फुटबॉलचं नाव नाही. मग ती गिरीशकडे बोम्मसंद्र्याच्या बाजूला राहायला गेली आणि गुडघेही संपले. मुक्ता हसायची, "आजी, फुटबॉलवरून कुणी असं करतं का?" तिला काय सांगणार? मला या परक्या शहरात एका बाईने हाताला धरून 'आत' घेतलं होतं. तिनेच दार लावून घेतल्यावर मी इथे कुणाची? मला दुसरं काही नको होतं. तिने ते दार उघडायला हवं होतं, बस.

ती आजारी असल्याचं गिरीशने कळवलं. "मावशी, ती कुणाशीच बोलत नाही. तुम्ही या." गेले. ती उशांना टेकून बसली होती, हात काड्यांसारखे झालेले. समोर टीव्हीवर मॅच चालू, आवाज बंद. शहराच्या त्याच मोठ्या टीमची मॅच. मी खुर्ची ओढून बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दोघी टीव्ही बघत राहिलो. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "बघ, आपला कॅप्टन परत पुढे गेला. मागे कोण बघणार?"

मी एकदम म्हटलं, "अक्का, तू ह्यांच्या मॅचेस बघतेस?"

"बघायला नको? न बघता तुझ्याशी कसं भांडायचं?"

आणि आम्ही भांडलो! ती दम घेत घेत, मी तिला दम घेऊ देत. गिरीश गोळ्या घेऊन आला आणि दारातच थांबला. ती 'आपला' म्हणाली ते ठरवून म्हणाली की जीभ घसरली, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नक्की म्हणाली असती, "अय्यो, चुकलं." म्हातारी लबाड होती. मी पण काही कमी नाही; मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. तीच आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात मुक्ताने मला बळेच स्टेडियममध्ये नेलं. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टन पुढे धावला, मागे मोकळं रान, आणि समोरच्यांनी गोल केला. माझ्या तोंडून निघालं, "म्हणून कॅप्टन मागचा पाहिजे. पुढच्याला काय दिसतं?" मुक्ता बघतच राहिली. "आजी, तू तर कायम उलटं म्हणायचीस." मला थांबता येईना. कोण दमला, कोण रागावला, कोण घरी भांडून आला... सगळं बोलले, हातवारेसुद्धा माझे नव्हते. मॅच संपली, लोक उठले, आम्ही रस्त्यावर आलो तरी मी बोलतच होते.

"बरं बाई, पटलं," मुक्ता म्हणाली. "तुझंच बरोबर."

मी रस्त्यात उभी राहिले. "लगेच कसं पटलं तुला? अजून रिक्षासुद्धा मिळाली नाही. स्वल्प भांड की गं माझ्याशी!"