कार्ब्युरेटरला पंचामृत

भैयाजी हेडाऊंना एक छत्री घ्यायला दोन पावसाळे लागले होते. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी इतवारी बाजारातली सगळी दुकानं पाहिली, दुसऱ्यात भिजत भिजत पुन्हा पाहिली, आणि पाऊस उघडल्यावर मोठ्या समाधानानं छत्री घेऊन घरी आले. वडील विणकर. सूत घेताना ते धागा बोटांत फिरवत, ताणत, उजेडाला धरत, मग कुठे हो म्हणत. घरातला माग गेला, भैयाजी कोराडीच्या वीजघरात कामाला लागले, पण बोटांची ती खोड काही गेली नाही. बाजारात वांगं असं चाचपत की भाजीवाली म्हणे, "भैयाजी, घेऊन राहिले का सोयरीक करून राहिले?"

न चाचपता त्यांनी एकच वस्तू घेतली, ती निळी जुनी स्कूटर. चंद्रकलाबाईंना मागे बसवून नवरात्रात कोराडीच्या देवीला न्यायचं, ही त्यांची लग्नापासूनची हौस. हौस पुरी झाली, पण स्टेशनाजवळच्या रेल्वे पुलापर्यंतच. चढ लागला की गाडी भक्‌भक् करी, मग कण्हे, मग गप्प होई. चंद्रकलाबाई पदर सावरून उतरत आणि गाडीमागून चालू लागत. पुलाच्या पायथ्याशी फुटाणे विकणारी इंदूबाई बसे. जगदंबेला सगळं दिसतं, पण पुलावरचं तेवढं इंदूबाईला आधी दिसे.

"उतरल्या काय वं बाई? गाडी उतारापुरतीच घेतली वाटते!"

आणीबाणी उठली त्या वर्षी घट बसायच्या आधीच चंद्रकलाबाईंनी सांगून टाकलं, "ऐका वो. यंदा पुलावर उतरा लागलं, तर मी या गाडीवर पुन्हा बसणार नाई. मी आपली बसनं जाईन. मागच्या सीटवर तुम्ही गव्हाचं पोतं न्या."

भैयाजींची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी ते गोळीबार चौकात चंद्रभान मिस्त्रीपुढे उभे राहिले. मिस्त्रीनं स्कूटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि मान हलवली.

"कार्ब्युरेटर घासला, भैयाजी. हवा अन् पेट्रोलचा मेळ हाच बसवते. याचाच मेळ गेला, तर गाडी कशी चढन? असलीवाला तर भेटून नाई राहिला. पण दुसरे आहेत."

त्यानं पोत्यावर तीन कार्ब्युरेटर मांडले. भैयाजी उकिडवे बसले ते संध्याकाळपर्यंत.

पहिला मोटरसायकलचा, थोराड. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवील, पण इतवारीच्या गर्दीत हळू घेतली की पेट्रोल पिऊन बुडेल. दुसरा दिल्लीहून आलेला, हुबेहूब असलीसारखा, चकचकीत. भैयाजींनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड लाटेसारखी होती. "इथून हवा पिईन हा," ते म्हणाले. "मंग, दिसाले चांगला आहे ना," मिस्त्री म्हणाला. तिसरा एका छोट्या गाडीचा, बुटका, पण आतून गुळगुळीत. भैयाजींचं बोट त्याच्यातून निघेना.

"मोठा तोंडाळ वाटते, दिल्लीवाला लबाड. हा गरीब आहे, पण घराण्याचा आहे."

"घराण्याचा आहे, पण खाणं कमी आहे," मिस्त्रीनं एक पितळी मणी काढून दाखवला. त्याला बारीक भोक होतं. "हा जेट. पेट्रोल इथून येते. तुमच्या गाडीले याच्याहून थोडं मोठं भोक पाहिजे. चढावर भुकी राहीन. मोठा जेट याचा भेटत नाई."

"तार घालून मोठं करू?"

"तार नका घालू! भोक वाकडंतिकडं झालं का गाडी गेली."

भैयाजी तीनही कार्ब्युरेटर पाहायला रोज जाऊ लागले. शेजारच्या रुपरावांना नेलं, पाळीवरच्या फिटरला नेलं. शेवटी घट बसले आणि मिस्त्री म्हणाला, "आता घ्या, नाहीतर मीच तिघांले कोराडीले नेऊन सोडतो." तेव्हा बुटका घरी आला.

"आज नाई लावाचा," चंद्रकलाबाईंनी तो हातातून काढून घेतला. "नवी वस्तू देवाले दाखवल्याबिगर?"

रात्रभर तो देवघरात राहिला. सकाळी त्याला कुंकवाचं बोट होतं आणि त्याच्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. भैयाजींनी मुंग्या झटकल्या. माप जुळावं म्हणून मिस्त्रीनं लोखंडाची चकती मध्ये घालून तो बसवला. घरापर्यंत गाडी गोड चालली.

अष्टमीला दोघं निघाले. चंद्रकलाबाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत रवा, तूप, साखर आणि छोटा स्टोव्ह, कारण देवीचा शिरा तिथेच ताजा करायचा होता. स्टेशन आलं. पूल दिसला. आणि चढाच्या अलीकडे, बरोब्बर इंदूबाईच्या टोपलीपुढे, गाडी खोकली आणि मेली.

"या बाई!" इंदूबाई म्हणाली. "यंदा चढावरही नाई पोचल्या का वं?"

चंद्रकलाबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "पूल अजून लागला नाई. हे उतरणं धराचं नाई."

"उघडा ते," त्या म्हणाल्या.

भैयाजींनी कार्ब्युरेटर उघडला. आत एक मेलेली मुंगी, आणि जेटच्या भोकात पांढरा खडा. त्यांनी तो वास घेऊन पाहिला. मध!

"काय केलं वं तू याले?"

"पंचामृतानं अंघोळ घातली. बाळकृष्णाले घालतो तशी. मंग चांगला धुतला ना पाण्यानं!"

इंदूबाई इतकी हसली की फुटाणे सांडले. चंद्रकलाबाईंनी मात्र जेट निरखला. "हे तर स्टोव्हसारखंच आहे," म्हणत त्यांनी पिशवीतून स्टोव्हची पिन काढली.

"अवं, तार नाई घालाची त्यात! मिस्त्रीनं—"

तोवर पिन आत गेली होती. रोज पहाटे चहासाठी जशी फिरत असे तशीच ती गरागरा, कचाकचा फिरली. भैयाजींनी डोळे मिटून जगदंबेचं नाव घेतलं. साखर निघाली, पितळेचा चुराही निघाला.

जेट बसला. किक मारली. गाडीचा आवाज काही निराळाच आला, पोट भरल्यासारखा. चंद्रकलाबाई मागे बसल्या आणि भैयाजींनी श्वास रोखून चढ धरला. गाडी कण्हली नाही. पाव पूल झाला, अर्धा झाला. तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

"हळू घ्या ना वो!"

"चढावर हळू? बंद पडन ना!"

"पडू द्या. पण इंदूबाईले दिसलं पाहिजे."

भैयाजींनी देवीवर भार टाकून गाडी हळू घेतली. गाडी तशीही चढली. चंद्रकलाबाईंनी मागे वळून, शांतपणे, हळदीकुंकवाला बोलवावं तसा हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रीनं प्लग काढून पाहिला. बिस्किटासारखा तपकिरी, हवा-पेट्रोलचा मेळ बसला की होतो तसा. मग जेट उजेडाला धरला. "भोक मोठं झालं. बरोब्बर पाहिजे तेवढंच! कोणी केलं?"

"घरी विचारा," भैयाजी म्हणाले.

घरी उत्तर ठरलेलं होतं, पंचामृत. भैयाजींनी पिनेचं नाव काढलं, तर चंद्रकलाबाई म्हणाल्या, "पंचामृत नसतं अडकलं, तर पिन घातली असती कोणी?" त्याच दिवशी खंडेनवमीच्या पूजेत वडिलांच्या मागावरच्या धोट्याशेजारी पाटावर स्टोव्हची पिन मांडली गेली, हळदीकुंकू लागलं, आणि एकदा देवाकडे गेलेली वस्तू परत स्टोव्हला लावायची नाही असं ठरलं.

नवी पिन आणायचं काम भैयाजींकडे आलं. संध्याकाळी पाळी सुटली की ते इतवारीत दुकानादुकानातून पिना बोटांत फिरवून, उजेडाला धरून पाहतात. दिवाळी जवळ आली आहे. चंद्रकलाबाई चूल फुंकत आहेत.