हातावरचं दही

डायलिसिसला निघताना मी ह्यांच्या हातावर चमचाभर दही ठेवते आणि "जाऊन या" म्हणते. परीक्षेला निघालेल्या मुलाला देतात ना, तसंच.

आज सेंटरच्या बाकावर माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. तिचा नवरा आत मशीनवर होता. इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस आला आणि तिच्या मांडीवर बाटली ठेवून म्हणाला, "ताई, यात पोटातले चांगले जंतू आहेत. महिनाभर द्या आणि डायलिसिस बंद करून टाका."

माझं डोकंच फिरलं. कारण त्यातलं थोडं खरं होतं. पोटातले जंतू अन्नातून काही विषारी द्रव्यं तयार करतात, मूत्रपिंड थकलं की ती रक्तात साचतात आणि उलट आतडंही बिघडवतात, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "पण यावर इलाज अजून हाती नाही," असंही ते म्हणाले होते. हे मेले पहिलं तेवढं ऐकतात आणि बाटलीत भरून विकतात. निव्वळ खोटं असतं तर माणूस सावध तरी झाला असता.

"काकू, देऊन बघू का हो?" मुलीनं विचारलं. तिच्या डोळ्यांतली आशा बघून मी आणखीच पेटले. बाटली उचलली आणि त्याच्या हातात कोंबली.

"जंतू माझ्या दह्यातही असतात," मी म्हटलं. "पण ते हातावर ठेवून आम्ही माणसाला 'जाऊन ये' म्हणतो. तू तर हिच्या नवऱ्याला डायलिसिसला जाऊच नको म्हणतोयस. मग तो परत येणार कुठून?"