मिलिंदने मोडलेलं जोतं

मिलिंद गेल्याचा फोन मला माझ्या दादाने केला, याचं मला अजून नवल वाटतं. गेली काही वर्षं मिलिंदचं नाव निघालं की आमचा थोरला जेवत्या ताटावरून उठायचा. त्या दिवशी मी बीडला शिकवणीवर गणित शिकवत होतो. दादा नुसता "ऐकतोस ना बे..." म्हणाला. मग म्हणाला, "मिलिंद गेला. छातीत दुखतंय म्हणला, सिरसाळ्याच्या दवाखान्यात नेईस्तोवर संपलं." मी तास अर्धा सोडून एसटी गाठली. खिडकीशी बसलो खरा, पण रडू काही येईना. मिलिंदला एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, आणि आता ती कुणाला विचारायची हेच मला समजत नव्हतं.

सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. तो बौद्धवस्तीतला, मी मेंढपाळांच्या घरातला. मी नोकरीसाठी बीडला आलो, तो शिकून गावात परतला आणि ग्रामपंचायतीत निवडून आला. शर्ट कायम खोचलेला, आणि साहेबांशी इतका नम्र बोलायचा की त्यांनाच संशय यावा. त्याच्या वस्तीतली घरं म्हणजे ओढ्याच्या काठावरचे पत्र्याचे शेड. सरकारी घरकुलं मंजूर होती, पण बांधायला कुणाच्याच नावावर जागा नव्हती. "घर हाय, पण ठेवायचं कुठं ते सांगा," असं तो साहेबांनाही हसतच विचारायचा. राहता राहिलं गावाचं गायरान. ते मिळवण्यासाठी त्याने तहसील आणि बीडच्या कार्यालयांचे उंबरे झिजवले. मुक्कामाला माझ्या खोलीवर असायचा. आज मोजणीवाला रजेवर, उद्या साहेबांची बदली, परवा नकाशाच सापडेना... हे सगळं तो नकला करून सांगायचा आणि मी पोट धरून हसायचो. त्यामागे त्याची किती दमछाक होत होती, ते त्याने कधी दिसू दिलं नाही.

गायरान अखेर मिळालं. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन माजलगावच्या बागायती पट्ट्यात उतरतात, तिथल्या शेतांत खतासाठी कळप बसवतात आणि मृगाला परततात. नेमकी त्याच काळात ग्रामसभा झाली, ठराव झाला, फक्की टाकून घरांच्या रेघा आखल्या गेल्या, जोती उभी राहिली. गायरानातून माळावर जाणारी मेंढरांची वाट कुणाच्याच ध्यानात आली नाही, कारण गावात मेंढरूच नव्हतं. मृगाला दादा कळप घेऊन आला तेव्हा पुढची मेंढी मिलिंदच्या जोत्यापाशी येऊन थबकली आणि मागचा सगळा कळप तिच्यावर येऊन साचला. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण. मेंढरं आई गेली त्याच वाटेने जातात, त्यांना ठराव दाखवून उपयोग नसतो.

"आमी गेलतो तवाच बरी सुचली रे तुला ग्रामसभा," दादा म्हणाला.

"तारीख म्या काढली न्हाई, दादा. अन् खरं सांगतो, मेंढरं डोळ्याम्होरं नव्हती. ध्यानातच आलं न्हाई."

दादाचा यावर कधीच विश्वास बसला नाही. माझा बसला की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मिलिंदच्या तोंडून मी खोटं ऐकलेलं नव्हतं. पण लहानपणी सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर त्याच वाटेने मेंढरांमागे माळावर जाणारा माणूस ती वाट विसरेल कसा? आणि विसरला नसेल, तर मग तो माझा कोण होता?

भांडण पेटलं. अर्ज झाले, काम थांबलं, लोकांच्या अर्ध्या भिंती पावसात भिजत राहिल्या. मग एके दिवशी सकाळी मिलिंद घण घेऊन गेला आणि स्वतःचं जोतं त्याने स्वतःच फोडलं. वाटेच्या ऐन मधे तेवढं एकच होतं. ते निघालं तशी मेंढरं जाऊ लागली, दादाने अर्ज मागे घेतला आणि बाकीच्यांची घरं पुरी झाली. मला फोनवर एवढंच म्हणाला, "वाट मोकळी केली बे." मी म्हटलं, "अरे, पण तुझं घर?" तर म्हणे, "बघू की."

पुढे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जोत्याचा फोटो कार्यालयाने मोबाईलवर आधीच घेतला होता आणि फोटोबरोबर जागाही नोंदली गेली होती. घर त्याच जागी उभं राहिलं तरच ते घरकुल. दुसरीकडे बांधलेलं मोबाईलमधलं सरकारी ॲप घेईना, आणि त्याच नावावर पुन्हा मंजुरी मिळेना. तिथली अभियंता मुलगी भली होती, तिनेही वरती खूप लिहून पाहिलं. ती इतरांच्या घरांचे फोटो काढताना मिलिंद तिच्या शेजारी उभा राहून ऊन कुठून येतंय ते सांगायचा, आणि संध्याकाळी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये परतायचा. गेला तोही तिथूनच.

त्याने जोतं का फोडलं, याची गावात सतरा उत्तरं मिळतात. दादा म्हणायचा, चोरी उघडी पडली म्हणून. कुणी म्हणायचं, पुढच्या निवडणुकीसाठी. वस्तीतली काही पोरं तर आपला माणूस झुकला म्हणून त्याच्यावरच चिडून होती. माझ्या मनात कधीकधी येई, माझ्यासाठी तर नसेल? आणि असं वाटून घेण्याचा रागही येई. त्याला विचारायला कितीदा तोंड उघडलं, पण दर वेळी चहा आला, विषय निघून गेला...

जलदान विधी झाल्यावर मी सुनंदावहिनीकडे, त्याच्या बायकोकडे गेलो. म्हटलं, तिला तरी ठाऊक असेल. शब्द जुळवत बसलो होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "भावजी, एक इचारू? ह्यांनी जोतं कावून मोडलं? मला म्हणले, कळंल तुला. मला तर न्हाई कळलं. तुमी दोस्त, तुमाला बोलले आसतील."

मी म्हटलं, तेच विचारायला आलो होतो मी.

बाहेर मेंढरांचा आवाज आला तशी ती लगबगीने उठून बाहेर गेली, मागोमाग मीही. शेडसमोरच, जिथे मिलिंदचं जोतं होतं तिथे, कुणीतरी वाटेत बाज टाकून ठेवली होती. "लोक इसरतात. हे रोज उचलायचे," म्हणत ती बाज ओढू लागली. कळपापुढे दादा होता. तो थांबला, काठी काखेत धरली आणि बाजेचं दुसरं टोक उचललं. दोघांनी ती कडेला ठेवली. मेंढरं अडखळत पुढे सरकली. सुनंदावहिनी जमिनीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हितं चूल येणार व्हती माझी." मग मधे रेंगाळलेल्या एका कोकराला तिने हलक्या हाताने पुढे लोटलं.