धक्क्याकडे जाणारी बस

बेसमेंटमध्ये मुलाचा डायव्हिंगचा रबरी सूट टांगलेला आहे. हीटर सुरू झाला की त्याचा वास वर येतो आणि ते कॅरिबियन बेट आठवतं. २०१६च्या थंडीत इथे कॅनडात, सस्काटूनला बर्फ पडत होता आणि सूनबाई फोनवर त्या बेटावरच्या राहायच्या जागा बघत होती. एक हॉटेल धक्क्याला लागूनच होतं, खिडकीतून बोटी दिसत होत्या. मला तेच आवडलं. पण मुलगा म्हणाला, "आईला किचन लागतं गं." टेकडीमागचं किचनवालं घर ठरवलं. सकाळी दोघं भाड्याच्या गाडीने डायव्हिंगला जायची आणि मी शेगडीपुढे. समुद्र दिसायचासुद्धा नाही. एके दिवशी भात झाकला, रस्त्यावर आले आणि गावी एसटीला करतात तसा हात केला. छोटी बस थांबली. मला इंग्रजी येत नाही, म्हणून पोहल्यासारखे हात हलवले. ड्रायव्हर हसला, "कम, मम्मी!" मुलगा पाण्यातून वर आला तेव्हा मी धक्क्यावर पाय सोडून बसले होते. "आई! कशी आलीस?" "बसनं." सूनबाई म्हणाली, "आणि आपण गाडी असून रोज रस्ता चुकतोय!" परवा पुन्हा जायचं निघालं. मुलानं विचारलं, "आई, किचनवालंच बघू ना?" मी म्हटलं, "खिडकी बघा."