थुंकी तपासणारे साडभाऊ

अख्ख्या साकोली तालुक्यात माणसाला चेहऱ्याआधी खोकल्यावरून ओळखणारा एकच इसम असेल, आणि ते म्हणजे माझे साडभाऊ, मेहुणीचे यजमान. सरकारी दवाखान्यात थुंकीचे नमुने तपासण्यात त्यांची हयात गेली. "तब्येत कशी?" असं ते कुणालाच विचारत नाहीत, "खोकला किती दिवसाचा?" असं विचारतात. बंद खिडकी दिसली की त्यांचाच जीव गुदमरतो. आसगावच्या एका लग्नात त्यांनी सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ऐन मंगलाष्टकांत अंतरपाट उडून भटजींच्या तोंडावर बसला. "बसू द्या," साडभाऊ म्हणाले, "हवा खेळली पायजे!" क्षयाच्या जंतूबद्दल मात्र ते हुशार पण वाया गेलेल्या भाच्याबद्दल बोलावं तसे बोलतात.

हा भाचा एकदा माझ्याच फुफ्फुसात सापडला. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, आणि मी गुपचूप गोळ्या बंद केल्या. बायकोनं आठवड्यातच चहाडी केली. मी जेवत असताना साडभाऊ आले, माझं ताट ओढलं आणि भातावर तुरीचा एक दाणा ठेवला.

"गुरुजी, हा जंतू. शरीराचा शिपाई याले गिळते. पण हा बेटा मरत नाही, त्याच्याच पोटात बिऱ्हाड करते. मंग बाकीचे शिपाई जमून भोवताल गाठ बांधतात." त्यांनी दाण्याभोवती भात दाबला. "आत हा निजून राहते. आंग कमजोर झालं का गाठ फुटते, अन् फुफ्फुसाले भगदाड पडते. तुमी गोळ्या काहून सोडल्या?"

"भाऊजी, त्यायले जेवू तरी द्या," बायको म्हणाली.

"जेवू देतो ना. गोळी गिळल्यावर!"

पुढचे चार महिने ते रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहून, गोळ्या घशाखाली गेल्या की नाही हे माझं तोंड उघडून पाहत. पोरं मला 'आ गुरुजी' म्हणू लागली.

औषध संपल्यावर शेवटची तपासणी झाली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून साडभाऊ बसले ते उठेचनात. मी घाबरलो. "काय पाहून राहिले?"

"काही नाही. निळ्या रंगावर एकबी तांबडी काडी नाही, म्हंजे एकबी जंतू नाही. तेच पाहून राहिलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माह्या मोठ्या बहिणीनं असंच बरं वाटलं म्हणून औषध सोडलं होतं. तिची अशी काच पाहाची राहून गेली."

मग ते स्टुलावरून उठले, मला तिथे बसवलं, आणि मी ती रिकामी निळाई पाहीपर्यंत शेजारी उभे राहिले.